पन्नास वेळा धुवायची बाटली

काकांना नवा माणूस भेटला की ते त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी हाताकडे बघत. हातात पाण्याची बाटली असली तर ती मागून घेत, झाकण उघडून आत नाक घालत, मग खिशातली पेन्सिलीएवढी बॅटरी काढून आत उजेड पाडत. एवढं झाल्यावर बाटली परत द्यायची आणि विचारायचं, बसा, काय काम काढलंत. तोवर समोरचा माणूस काम विसरलेला असे. माझंही तसंच झालं. रोह्याच्या त्या कारखान्यात मी क्वालिटीच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेलो, आणि पहिल्या पाच मिनिटांत माझ्याच बाटलीच्या आट्यांमध्ये बसलेला हिरवा थर मला दाखवण्यात आला. शिक्षण काय, अनुभव किती, कुणी विचारलं नाही. काका शेठकडे वळून म्हणाले, "क्वालिटीला येतोय आणि हे पितोय." नोकरी मिळाली ती बहुधा माझ्या पोटाच्या काळजीपोटी.

काका माझ्या नात्यातले कुणी नव्हेत. कारखान्यात सगळेच त्यांना काका म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला वॉचमनसुद्धा. कारखाना तसा लहान. प्लॅस्टिकचा दाणा वितळवून त्याची गरम नळी साच्यात धरायची, आत हवा मारायची, की फुगून बाटली तयार. फिनेल, तेल, शांपू, जे काय भरायचं ते दुसरे भरत. आम्ही रिकामी बाटली विकायचो. "आपन पोकली विकतो," काका म्हणत. बाटलीचा आकार कागदावर काढण्यापासून पोलादी साच्यावर शेवटचा हात मारेपर्यंत सगळं काम त्यांचं. एरवी ते चांगलं शाळेतलं मराठी बोलत, पण बाटलीचा विषय निघाला, किंवा चिडले, की धरमतरच्या खाडीकडची बोली आपसूक वर यायची. आणि विषय बाटलीचाच असायचा.

माणसंही त्यांना बाटल्यांसारखीच दिसत. आमचा अकाउंटंट म्हणजे डोळ्यांच्या औषधाची बाटली, दाबल्याशिवाय थेंब नाही. शेठ म्हणजे कोल्ड्रिंक, झाकण उघडलं की आधी फेस. मी तेव्हा नुकतीच चाळिशी गाठलेली होती आणि चाळिशीने मला पोटावर गाठलं होतं, त्यामुळे माझं नाव पाच लिटरचा कॅन. हे मी एकदा गंमत म्हणून घरी सांगितलं. ती चूक झाली. काकांना निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण आमच्या घरी अजून "कॅनला वाढा" असं म्हटलं जातं.

आम्ही दोघंही पेणला राहायचो, म्हणून रोह्याला एकाच एसटीने जाणंयेणं. गाडी वाटेतल्या गडब गावाला थांबली की काका खिडकीतून रस्त्याकडेच्या गवतात नजर लावून बसत. लोकांनी फेकलेल्या बाटल्यांत एखादी वेगळी दिसली की उतरलेच. कंडक्टर बेल मारणार तेवढ्यात एक म्हातारा गवतातून चिखलाने माखलेली बाटली उचलून पळत येतोय, असं ते दृश्य. मी लाजेने दुसरीकडे बघायचो, जणू आमची ओळखच नाही. मग तीच बाटली माझ्या शेजारी बसायची, आणि काका तिचं बूड मला दाखवून सांगायचे की ही आपली आहे, नऊ वर्षांपूर्वीची, बघ कशी चिरली नाही. फेकलेल्या मुलाची शाळेतली प्रगती सांगावी तशा आवाजात सांगायचे.

एकदा साच्याच्या कामासाठी कोलाडला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. हायवेवरच्या एका हॉटेलात आम्ही चौघे वडे खायला बसलो. टेबलावर सॉसची लाल बाटली, दाबायची. काकांनी तिचं नाक काढलं, बॅटरी लावली आणि बाटली टेबलाच्या मधोमध ठेवून एकेकाला आत डोकवायला लावलं. आत जे होतं ते सांगत नाही. वडे चौघांनीही बाजूला सारले. हॉटेलवाला भडकला, म्हणाला रोज भरतो बाटली. काका त्याला शांतपणे समजावू लागले की रोज भरतोस हाच घोटाळा आहे, धुतोस कधी? आणि तुझीपण चूक नाय, हिच्या खांद्याला आतून कंगोरा हाय, तिथं बोट पोचत नाय, ब्रश पोचत नाय. हॉटेलवाल्याला वाटलं हे सरकारी खात्याचे कोणीतरी. त्याने वड्यांचे पैसे घेतले नाहीत. काकांनी जबरदस्तीने दिले, आणि वर ती बाटली विकत मागितली.

काकांचं हे वेड का, याचा मी कधी विचार केला नव्हता. ते खारेपाटातले, मिठागरावर राबणाऱ्या घरातले, एवढं ठाऊक होतं. चहूकडे पाणी, पण सगळं खारं. गोडं पाणी लांबच्या नळावर, तेही येईल तेव्हा. तिथे ज्याच्याकडे न गळणारा कॅन तो सुखी. हे मी ऐकून होतो, पण माझ्या घरी पाण्याला टाकी आहे, त्यामुळे ऐकलेलं कानापर्यंतच राहिलं.

मग ती ऑर्डर आली.

मुंबईची एक कंपनी भांडी घासायचं लिक्विड विकायची. त्यांच्या डोक्यात आलं की बाटली फेकायची नाही. गिऱ्हाइकाने ती दुकानात परत द्यायची, कंपनीने धुवायची, पुन्हा भरायची. सुरुवात पेण आणि रोह्याच्या दुकानांतून. अट अशी की एक बाटली पन्नास वेळा धुतली गेली पाहिजे. चिरायची नाही, वास धरायची नाही, पांढुरकी पडायची नाही. सोबत त्यांच्याकडच्या कोणीतरी काढलेलं चित्र होतं: कमरेत बारीक बाटली, छातीवर कंपनीचं नाव उठावाच्या अक्षरांत. काकांनी चित्र उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर आपली बाटली काढली. गोल खांदे, सरळ अंग, रुंद तोंड, जाड बूड, अंगावर अक्षर नाही. दिसायला अगदी आमच्या वॉचमनसारखी. मुंबईहून आलेला तरुण साहेब म्हणाला, जरा साधी वाटते. काका म्हणाले, पन्नास वेळा आंघोळ घातल्यावर तुमची ती कमरेत बारीक असलेली कशी दिसेल ते मला सांगा. अक्षरांच्या बेचक्यात साबण अडकेल, कमरेच्या वळणात वास अडकेल. साहेबाने दोन्ही आकारांचा विचार करू म्हटलं, पण पहिली संधी काकांना दिली.

शेठने मात्र काकांना केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं. तुमचं निवृत्तीचं वय उलटून गेलंय. ही बाटली पास झाली तर राहा हवं तितकं. नाही झाली तर आकार काढायचं काम मुंबईच्या एजन्सीला देऊन टाकतो आणि साचे करायची टूलरूम बंद करतो. काका बाहेर आले ते हसतच. मला म्हणाले, "तीस वर्षं फेकायच्या बाटल्या केल्या. ही एक परत यायची हाय. ही झाली की मी गेलो तरी चालंल." म्हणजे नोकरीची काळजी शेठला होती. काकांना ही एक बाटली हवी होती.

साचा तयार झाला, पहिल्या बाटल्या निघाल्या, आणि त्या धुवायचं काम माझ्याकडे आलं. धुवायचं म्हणजे मशीनने. गरम पाणी, सोडा, जोराचा फवारा, बाटल्या उलट्या टांगलेल्या. मी बटण दाबायचं आणि वहीत टिंब काढायचं. बारा बाटल्या, पन्नास वेळा. एकही चिरली नाही. मी रिपोर्ट लिहिला. रिपोर्ट मी सुरेख लिहितो, हे माझ्या शत्रूंनाही मान्य आहे. शब्द कमी, समास मोठा. बुडाला एक छोटीशी खूण उमटलेली दिसत होती, आडवी रेघ आणि तिच्यावर दोन उभ्या. तिच्याबद्दल मी लिहिलं, "बुडावरील मशीन क्रमांक स्पष्ट." पुढचं वाचताना हे वाक्य लक्षात असू द्या. माझी मुलं अजून मला ते म्हणून दाखवतात.

काकांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "घरी कोन धुवील?"

मला कळेना. कंपनीच धुणार होती. काका म्हणाले, कंपनी धुवील तेव्हा धुवील. पण आपल्याकडच्या बाया दुसऱ्याचं भांडं खरकटं परत देतात का? शेजारणीची वाटी असो की दुकानातली बाटली, आधी घरी स्वच्छ घासणार आणि मगच परत करणार. नाहीतर लोक काय म्हणतील. तर मशीनच्या आधी ती बाटली दर वेळी एका बाईच्या हाताखालून जाणार, आणि तो हात तुझ्या रिपोर्टमध्ये नाय.

म्हणून त्याच साच्यातल्या नव्या बारा बाटल्या त्यांच्या थोरल्या बहिणीकडे गेल्या. तिला काका बाय म्हणत, म्हणून सगळे बाय म्हणत. ती अजून खाडीकडच्या गावातच राहायची. रोज दोनदा त्यात ते लिक्विड भरायचं, ओतायचं आणि आपल्या पद्धतीने धुवायचं, मोजणी भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवायची, असं ठरलं. मला वाटलं म्हाताऱ्याचा छंद आहे, होऊ दे.

सोमवारी मुंबईचा साहेब रिपोर्ट न्यायला येणार होता. त्याच्या आधीच्या शनिवारी काकांनी मला बरोबर घेतलं आणि पेणहून सहा आसनी मिनीडोर रिक्षाने आम्ही बायकडे गेलो. बाय सत्तरीची, बारीक, काटक. ओट्यावर नऊ बाटल्या उभ्या होत्या आणि तीन वेगळ्या, पालथ्या. तिने चहाचं विचारायच्या आधी त्या तिघींकडे बोट दाखवलं. म्हणाली चौतिसाव्या धुण्याला पहिली गळली, मग या दोन.

मी जरा वरच्या पट्टीत विचारलं की तुम्ही धुता तरी कशा. बायने दाखवलं. बाटलीत मूठभर वाळू, वर खाडीचं पाणी. गोडं पाणी घासायला कोण वापरतं? मग दोन्ही हातांनी अशी काही हलवली की मला माझ्या मशीनची कीव आली. आणि शेवटी आतली वाळू निघावी म्हणून बाटली उलटी धरण्याआधी तिचं बूड दगडी पायरीवर खण्णकन आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. त्या गावातल्या सगळ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या कॅन असेच धुतात. पन्नास धुणी म्हणजे दीडशे आपट्या, हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

काकांनी गळकी बाटली उजेडात धरून बॅटरी लावली. चीर केसासारखी बारीक होती. तिन्ही बाटल्यांत ती एकाच ठिकाणाहून सुटली होती: माझ्या त्या मशीन क्रमांकाच्या कोपऱ्यातून.

"मशीनचा नंबर चिरला," मी म्हटलं.

बाय माझ्याकडे बघत राहिली. "नंबर कसला? आयेची खून हाय ती."

मग तिनेच सांगितलं. नळाच्या रांगेत माणसं उभी राहत नसत, कॅन उभे राहत. मिठागरावरचं काम टाकून कोण दिवसभर ताटकळणार? रिकामे कॅन पालथे घालून रांगेत ठेवायचे आणि कामाला जायचं. सगळ्यांचे कॅन सारखे. म्हणून त्यांच्या आईने खिळा तापवून कॅनच्या बुडावर खूण केली होती, एक आडवी रेघ, वर दोन उभ्या. त्या खुणेला रांगेत कोणी हात लावत नसे. काकांनी तीच खूण, तेवढीच, साच्याच्या बुडात केसभर खोल कोरली होती. दुसऱ्यांना एक अक्षर घालू न देणाऱ्या माणसाने. आणि खिळ्याच्या रेघेसारखी हुबेहूब हवी म्हणून तिचे कोपरे टोकदार ठेवले होते. टोकदार कोपऱ्यावर ताण येतो आणि तिथेच प्लॅस्टिक सुटतं, हे आम्हा सगळ्यांना ज्यांनी शिकवलं ते हेच.

परतताना मिनीडोरमध्ये मी काकांची समजूत काढत होतो. आमच्या घरी गौरीला सगळे जमले की हा प्रसंग मी सांगतो, तेव्हा मीच ताठ उभा राहतो आणि काकांना खरं बोलायला लावतो. लिहिताना तसं करता येत नाही, कारण बायको वाचणार आहे. खरं म्हणजे मी सांगत होतो की कंपनीने मशीनची परीक्षा मागितली होती आणि मशीनवर एकही बाटली चिरलेली नाही. रिपोर्टमध्ये खोटं काहीच नव्हतं. मी सोमवारी सही करतो, ऑर्डर घेऊ, खूण मग हळूच काढू. काका बराच वेळ बाहेरची ओसाड पडलेली मिठागरं बघत होते.

"तू पन्नास वेला धुतलीस," शेवटी म्हणाले. "बायनं चौतीस वेला. कंची खरी?"

मी पुन्हा मशीनचं सांगू लागलो.

"सही नको करू."

सोमवारी केबिनमध्ये त्यांनी गळकी बाटली पाण्याने भरली आणि शेठच्या टेबलावर उभी केली. थोड्या वेळात बुडाखालून पाण्याची बारीक रेघ निघाली आणि शेठच्या कागदांकडे सरकली. शेठ उठून उभे राहिले. त्यानंतर जे बोलले त्यात टूलरूमचा, वयाचा आणि म्हातारचळाचा उल्लेख होता. मुंबईच्या साहेबाने मात्र बाटली हातात घेऊन विचारलं की हे कशाने झालं. मी तोंड उघडलं होतं. काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी ते मिटलं.

"माझी चूक," काका म्हणाले. "बुडावर कोरायला नको ते कोरलं."

साहेबाने आठ दिवस दिले. आठ दिवसांत नवी बाटली पन्नास धुण्यांना उतरली नाही तर कमरेत बारीक असलेली दुसरीकडून करून घेऊ, असं तो सभ्यपणे म्हणाला. त्याचा अर्थ शेठने नंतर असभ्यपणे समजावून सांगितला.

साच्यात कोरलेली खूण पुसता येत नाही. तिच्याभोवतीचं पोलाद तिच्या तळाइतकं खाली घासावं लागतं. काकांनी साचा खोलून वाइसच्या जबड्यात आवळून धरला, तेल घेतलं, पॉलिशचा दगड घेतला. सुरू करायच्या आधी मी म्हटलं, काका, कोपरे गोल करू, खूण राहू दे. त्यांनी मान हलवली. "एवढीशी रेघ गोल केली तर रेघ कुठं राहते?" मी म्हटलं, निदान मोबाइलवर फोटो तरी काढतो. ते म्हणाले, कशाला. मी काढलाच. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात तीन चतुर्थांश माझा अंगठा आलाय.

दोन दिवस ते घासत होते. गोल गोल, एकाच लयीत, मधूनमधून फडक्याने तेल पुसून अंगठा फिरवायचे. मला वाटलं होतं काही बोलतील. आईबद्दल, गावाबद्दल. एकदाच बोलले, दिवा जरा डावीकडं धर. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी आलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि अंगठा साच्याच्या बुडावरून फिरत होता. मलाही फिरवायला लावला. काहीच लागलं नाही. गुळगुळीत, थंड, आरशासारखं.

नव्या बाटल्या निघाल्या तेव्हा हातात तीन दिवस उरले होते. मशीनचं मी त्याच रात्री उरकलं. पण हाताने पन्नास धुणी तीन दिवसांत बाय एकटीने कशी करणार? आम्ही दोघांनी रजा टाकली आणि गावाला गेलो. बायने शेजारच्या चौघीजणी गोळा केल्या होत्या. बांधावर वाळूचा ढीग, खाडीच्या पाण्याने भरलेलं पिंप, बारा बाटल्या. मी वही घेऊन सावलीत बसणार होतो. ते बघून एकजण बायला म्हणाली, "गो बाय, साहेबाला हात नाय का दिलेत देवानं?" आणि एक बाटली माझ्या मांडीवर येऊन पडली.

मी घरी बाटली कधी धुतलेली नव्हती, आणि हे त्या बायांना पहिल्या दोन मिनिटांत कळलं. मी हलवत होतो तेव्हा बाटली कमी आणि मी जास्त हलत होतो. "हळू, सायेब," एकजण म्हणाली, "पोट आपटंल." दुसरीने विचारलं घरी कोण घासतं. मी म्हटलं मिसेस. त्यावर त्या माझ्या मिसेसबद्दल इतकं मायेने बोलू लागल्या की मला तिला फोन करून माफी मागावीशी वाटली. काका मात्र एका बाजूला उकिडवे बसून सराईत हाताने धूत होते, वाळू, पाणी, हलवणं, आपटणं. चौतिसावं धुणं आलं तेव्हा सगळ्यांच्या गप्पा आपोआप थांबल्या. पहिली बाटली पायरीवर आपटली, पाणी भरलं, बूड पुसलं, बाटली वर धरली, सगळ्यांनी खालून बुडाकडे पाहिलं. कोरडं. मग दुसरी. बाराव्या बाटलीनंतर कोणीतरी पुन्हा गप्पा सुरू केल्या.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत पन्नासावं धुणं झालं. एकही बाटली चिरली नव्हती. काकांनी प्रत्येकीत बॅटरी मारली, वास घेतला, आणि मला म्हणाले, आता कर सही. माझ्या हातांची सालं निघाली होती, पेन धरवत नव्हतं. आयुष्यात मी इतकी खरी सही केलेली नाही.

ओट्यावर चहा झाला. बायने एक बाटली उचलली, पालथी केली, बुडावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"खून?"

"काढली," काका म्हणाले. "चिरत होती."

काका बशीतल्या चहाकडे बघत राहिले. एवढं साहेबासमोर, शेठसमोर बोललेला माणूस, बहिणीसमोर मात्र चोरी पकडल्यासारखा बसला होता. त्यात शेजारणी उठल्या. दोन दोन बाटल्या त्यांना वापरायला द्यायच्या ठरल्या होत्या, पण बाराही तंतोतंत सारख्या. आपली कुठली नि हिची कुठली यावरून तिथेच हसत हसत वाद सुरू झाला. बायने पदराच्या काठाचा सुटलेला लाल धागा दातांनी तोडला आणि आपल्या बाटलीच्या गळ्याला गुंडाळून गाठ मारली.

"खून काय बुडालाच लागते काय रं?" ती म्हणाली.

काकांनी ती बाटली तिच्या हातातून घेतली. गळा गुळगुळीत होता, धागा लगेच सैल होऊन खाली घसरला. त्यांनी तो वर सरकवला, तो पुन्हा घसरला. चहा निवला तरी ते तेच करत बसले होते. पेणला पोचेपर्यंत मिनीडोरमध्येही मधूनच हवेत अंगठा आणि तर्जनी धरून ते कसलं तरी माप घेत होते.

साहेबाने बाटली घेतली. माल सुरू व्हायच्या आधी काकांनी ड्रॉइंगमध्ये एक बदल केला. गळ्याखाली, अंगाभोवती, एक उथळ खाच. इतकी गोल आणि इतकी सपाट की तिच्यात घाण बसायला जागा नाही, पण एक दोरा बरोबर बसावा. खाचेसह बारा बाटल्या आम्ही पुन्हा पन्नास वेळा धुतल्या, मशीनवरही आणि बांधावरही. या वेळी बायांनी मला आल्या आल्या बाटली दिली. ड्रॉइंगच्या फॉर्मवर बदलाचं कारण लिहायला एक रकाना असतो. काकांनी त्यात लिहिलं, "पकड". मी खाली सही केली.

पुढे दोन वर्षांनी काका आपल्या मर्जीने निवृत्त झाले. ते गेल्यावर मुंबईचा साहेब एकदा तक्रार घेऊन आला. पेण-रोह्याच्या दुकानांतून परत येणाऱ्या बाटल्यांच्या गळ्याला काय काय बांधलेलं असतं: लाल धागे, हिरवे धागे, रबरबँड, साडीची किनार, एका बाटलीला तर लहान मुलीची रिबन. बायका चाळीतल्या मोरीत, सामाईक नळावर ठेवतात, आपली ओळखू यावी म्हणून बांधतात, आणि परत देताना सोडायला विसरतात. धुण्याच्या खात्यात ते कापत बसावं लागतं. ही खाचच काढून टाकता येणार नाही का?

शेठने फाइल मागवली. ड्रॉइंग उघडून त्यांनी तो रकाना वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

"पकड म्हणजे काय? कोण धरतं इथं?"

साहेबाला मी विचारलं की बाकीच्या गावांत बाटल्या परत येतात का. तो म्हणाला, येतात, पण इथल्याइतक्या नाही. इथले लोक जपतात.

"मग राहू द्या, शेठ," मी म्हटलं. "धागे कापायला मी माणूस देतो."